अमालेकी म्हणजे हिक्सोस का? बायबलमधल्या शत्रूंची इतिहासातल्या राजांशी ओळख कशी पटवतात

प्रश्न असा आहे की बायबलमधले अमालेकी म्हणजेच इजिप्तवर राज्य केलेले हिक्सोस, आणि इस्राएलचा राजा शौल याने जिवंत पकडलेला अमालेक्यांचा राजा अगाग म्हणजे हिक्सोसांचा राजा अपोफिस, असं एका व्हिडिओत सांगितलंय, ते खरं आहे का? आणि अशा ओळखी अभ्यासक पटवतात तरी कशा? पहिल्या भागाचं उत्तर सरळ "नाही" असंच आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल. मी प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास शिकवते, कीलाकार लिपीतले अश्शूरी लेख (अश्शूर म्हणजे आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन राज्य) वाचणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न वर्गात दरवर्षी या ना त्या रूपात येतोच आणि मला तो मनापासून आवडतो.

आधी बायबल स्वतः काय म्हणतंय ते बघू, कारण व्हिडिओवाले नेमकं तेच वगळतात. निर्गम 17 मधे अमालेकी रफीदीमला इस्राएलांवर हल्ला करतात. गणनामधे ते नेगेवमधे म्हणजे दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखात राहतात असं सांगितलंय. 1 शमुवेल 15 मधे शौल त्यांना हवीलापासून शूरपर्यंत मारत नेतो, आणि शूर हे "मिसरासमोर" (मिसर म्हणजे इजिप्त) आहे असं तिथेच लिहिलंय, म्हणजे ते मिसरात नाही. 1 शमुवेल 30 मधे ते दावीदाचं सिकलाग गाव जाळतात, बायकापोरं पळवतात, आणि दावीद त्यांना गाठतो तेव्हा त्यातले 400 तरुण उंटांवर बसून निसटतात. एकूण चित्र काय, तर धाडी घालणारी, गुरं-उंट बाळगणारी, वाळवंटाच्या काठावरची टोळी.

आता हिक्सोस बघा. इजिप्तचं पंधरावं राजघराणं, साधारण इ.स.पू. 1650 ते 1550. राजधानी अवारिस, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात पूर्वेला, आजचं तेल एल-दाबा, तिथे 1966 पासून मानफ्रेड बीटाक यांच्या ऑस्ट्रियन टीमने खोदकाम केलं. राजवाडे, देवळं, कनानी पद्धतीची थडगी, सायप्रसशी व्यापार, अशी भरभक्कम शहरी वस्ती. खियान, अपेपी (यालाच ग्रीक लोक अपोफिस म्हणतात), खामुदी ही राजांची नावं. आणि एक गोष्ट इथेच सांगते कारण तिच्यावर सगळा घोळ उभा आहे: हिक्सोस हे कुठल्या जमातीचं नावच नव्हे. इजिप्शियन भाषेत ती "परक्या देशांचे राज्यकर्ते" अशा अर्थाची पदवी आहे, राजांसाठी वापरलेली. आपण सवयीने "हिक्सोस लोक" म्हणतो (मीही म्हणते), पण त्यामुळे एका टोळीचं नाव आणि एका पदवीचं नाव समोरासमोर ठेवून "दोघे एकच" म्हणणं सोपं वाटायला लागतं.

मग ही कल्पना आली कुठून? इमॅन्युएल वेलिकोव्स्की या मानसोपचारतज्ज्ञ लेखकाने 1952 मधे ती मांडली. त्यांचं म्हणणं असं की इजिप्तचा कालक्रमच पाचसहाशे वर्षांनी चुकलाय, तो खाली ओढला की हिक्सोसांचा शेवट शौलाच्या काळात येतो, मग त्यांना हाकलणारा शौलच. अगाग आणि अपोप या नावांसाठी त्यांनी युक्तिवाद केला की जुन्या हिब्रू लिपीत ग आणि प ही अक्षरं दिसायला जवळची आहेत. शिवाय मध्ययुगातल्या अरबी इतिहासकारांनी काही फारोंना अमालेकी म्हटलंय, तोही आधार घेतला. अरबी परंपरेत तसं आहे हे खरंच, पण ते इतिहासकार हिक्सोसांनंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी लिहीत होते आणि "अमालिक" हे नाव त्यांच्याकडे कुठल्याही अतिप्राचीन बलाढ्य जमातीला सर्रास लावलं जायचं.

यात सगळ्यात मोठी अडचण काळाची आहे आणि ती काही केल्या जात नाही. इजिप्तचा कालक्रम एकटा लटकत असता तर ओढता आलाही असता, पण तो शेजाऱ्यांना गच्च बांधलेला आहे. अश्शूरी लोक प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव द्यायचे आणि त्या याद्या सलग मिळाल्यात. बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षी सूर्यग्रहण झालं अशी नोंद आहे, खगोलगणिताने ते इ.स.पू. 763 च्या जूनमधे बसतं, आणि तिथून मागेपुढे वर्षं मोजता येतात. आता दुसरं टोक घ्या. 1887 मधे इजिप्तमधे अमार्नाला मातीच्या पाट्यांवरची पत्रं सापडली, फारोंचा परराष्ट्र पत्रव्यवहार. वेलिकोव्स्कींच्या हिशेबाने ही पत्रं इस्राएलच्या अहाब राजाच्या काळातली, म्हणजे नवव्या शतकातली व्हायला हवीत. पण पत्रं लिहिणारा अश्शूरचा राजा आहे अश्शूर-उबल्लित, तो चौदाव्या शतकातला. अहाबाच्या वेळी अश्शूरला शल्मनेसर तिसरा होता. बाबेलचा राजा बुर्ना-बुरियाश, हित्तींचा सुप्पिलुलियुमा, हे सगळे आपापल्या देशाच्या नोंदींमधे चौदाव्या शतकातच बसतात. आणि यरुशलेमहून पत्रं पाठवणारा अब्दी-हेबा आहे, त्याला ओढूनताणून यहूदाचा राजा यहोशाफाट ठरवावं लागलं. एक इजिप्त हलवायचा तर चार देश हलवावे लागतात! त्यात 2010 मधे इजिप्तच्या राजवंशांच्या वस्तूंवर मोठा कार्बन-14 अभ्यास झाला, त्यात "नव्या राज्याची", म्हणजे हिक्सोस गेले त्या सुमारास सुरू झालेल्या कालखंडाची, सुरुवात इ.स.पू. 1570 ते 1544 च्या दरम्यान आली. शौल त्यानंतर पाचशेच्या वर वर्षांनी होतो.

आणि हिक्सोसांना कोणी हाकललं हे इजिप्शियनांनी स्वतः लिहून ठेवलंय. अहमोस नावाच्या राजाने. त्याच्या सैन्यातला एक खलाशी, त्याचंही नाव अहमोसच, इबानाचा मुलगा, त्याने आपल्या थडग्यात चरित्र कोरून घेतलं: अवारिसचा वेढा, ते शहर पडणं, मग शारुहेनला तीन वर्षं वेढा, लुटीत आपल्याला कोण कोण गुलाम मिळाले, सगळं. तिथे मित्र म्हणून कुठला इस्राएली राजा येत नाही. समोर लढलेल्या माणसाची साक्ष असताना ती बाजूला सारून अक्षरांच्या साम्यावर इमारत बांधायची हे मला पटत नाही.

बरं, आता ओळख नीट पटते तेव्हा ती कशी दिसते ते सांगते. तुम्हाला चंद्रगुप्ताची गोष्ट आठवत असेल. ग्रीकांचा सँड्रोकोट्टस म्हणजे चंद्रगुप्त मौर्य हे विल्यम जोन्स यांनी 1793 मधे सांगितलं तेव्हा नुसतं नावाचं साम्य नव्हतं, त्याची राजधानी पालिबोथ्रा म्हणजे पाटलिपुत्र हे जुळलं, सेल्युकसमुळे काळ मिळाला, आणि पुढे अशोकाच्या लेखांत ग्रीक राजांची नावं निघाली तेव्हा गाठ पक्की झाली. बायबलच्या बाबतीतही हेच. नाव जुळलं की काम सुरू होतं फक्त. मग ठिकाण, मग काळ, मग बापाचं किंवा वारसाचं नाव, आणि शेवटी दोघांशी संबंध नसलेला तिसरा कोणी तेच बोलतोय का ते बघायचं.

शिशक घ्या. 1 राजे 14 म्हणतं की शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक यरुशलेमवर चालून आला आणि शलमोनाच्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. बाविसाव्या घराण्याचा संस्थापक शेशोंक पहिला, मूळ लिबियन वंशाचा, त्याने कर्णकच्या देवळात विजयाचं मोठं शिल्प कोरून घेतलंय आणि त्यात जिंकलेल्या दीडशेहून जास्त गावांची नावं आहेत. शांपोल्यों 1828 मधे इजिप्तला गेले तेव्हा त्यांनी ही ओळख पटवली, आणि त्यांना जे सगळ्यात जोरदार वाटलं ते म्हणजे 29 क्रमांकाचं नाव, जे त्यांनी "यहूदाचं राज्य" असं वाचलं. ते वाचन चुकीचं होतं! ते एका वेगळ्याच गावाचं नाव निघालं, आणि यादीत तेही भलत्याच ठिकाणी, उत्तरेकडच्या गावांमधे आहे. तरी ओळख टिकली, कारण यादीत मगिद्दो आहे, बेथ-शान आहे, गिबोन आहे, नेगेवमधली कितीतरी ठिकाणं आहेत, आणि 1920 च्या दशकात खुद्द मगिद्दोमधे शेशोंकचं नाव असलेला शिलालेखाचा तुकडा सापडला. तुकडा आधीच्या खोदकामाच्या राडारोड्यात मिळाला, त्यामुळे तो कुठल्या थरातला ते कळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

आता याच्या दोन कच्च्या बाजू. शेशोंकच्या यादीच्या शाबूत भागात यरुशलेमचं नाव नाही. आणि स्वारीचं जे इ.स.पू. 925 हे वर्ष पुस्तकांत छापतात ते बऱ्याच अंशी बायबलमधली राजांची वर्षं मोजूनच काढलेलं आहे, म्हणजे त्या वर्षाने बायबलची खात्री पटवायला गेलो तर आपण गोल फिरतोय. कालक्रम बदलणारे लोक हे बोट दाखवतात आणि इतपत ते बरोबर आहेत. पण इजिप्तच्या राजांच्या कारकिर्दी स्वतंत्रपणे मागे मोजत गेलं तरी शेशोंक दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातच येतो. वेलिकोव्स्कींनी शिशकाच्या जागी थुत्मोस तिसरा बसवला होता, तिथे मात्र नाव जुळत नाही, काळ जुळत नाही, काहीच जुळत नाही.

पूल हे याहून सुंदर उदाहरण. 2 राजे 15 मधे अश्शूरचा राजा पूल येतो आणि इस्राएलचा राजा मनहेम त्याला हजार किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी देतो. अश्शूरी राजांच्या यादीत पूल नाहीच! बराच काळ लोक त्याला शोधत होते. मग बाबेलची राजयादी मिळाली, तिच्यात ज्या जागी "पुलु" आहे त्याच जागी बाबेलच्या बखरीत तिग्लथ-पिलेसर आहे. आणि तिग्लथ-पिलेसर तिसऱ्याच्या (इ.स.पू. 745 ते 727) स्वतःच्या लेखांत खंडणी देणाऱ्यांमधे "शोमरोनचा मनहेम" (शोमरोन ही इस्राएलची राजधानी) निघाला. म्हणजे दोन नावांचा एक माणूस. नाव न जुळतासुद्धा ओळख पक्की होऊ शकते, आणि अगाग-अपोपसारखं नाव अर्धवट जुळूनही ती पोकळ असू शकते.

माझा सगळ्यात आवडता हजाएल. 2 राजे 8 मधे तो अरामाचा, म्हणजे दिमिष्कच्या (दमास्कसच्या) राज्याचा, दरबारी आहे, आजारी राजा बेन-हदादच्या तोंडावर ओलं कापड टाकून त्याला मारतो आणि गादीवर बसतो. आता शल्मनेसर तिसऱ्याचा लेख वाचा, त्यात अश्शूरी लेखक म्हणतो की हजाएल, "कोणाचाही मुलगा नसलेला", त्याने गादी बळकावली. अश्शूरीत असं म्हणणं म्हणजे राजवंशातला नाही असा टोमणा. दोन वेगळे देश, दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि दोघे एकाच माणसाबद्दल एकच गोष्ट सांगतायत. पुढे 2 राजे 12 म्हणतं हजाएलने गथ घेतलं, आणि तेल एस-साफी म्हणजे प्राचीन गथला त्या काळातला मोठा विध्वंस आणि शहराभोवती खणलेला वेढ्याचा खंदक सापडलाय. मग 1993 आणि 1994 मधे तेल दानला अरामी शिलालेखाचे तुकडे मिळाले. त्यात एक अरामी राजा म्हणतो की मी इस्राएलच्या राजाला मारलं आणि "दावीदाच्या घराण्या"च्या राजाला मारलं. लिहिणाऱ्याचं नाव फुटलेल्या भागात गेलं, पण घटना बघता बहुतेक अभ्यासक, आणि मीही, त्याला हजाएलच मानतो. गंमत अशी की 2 राजे 9 मधे त्याच दोघा राजांना, इस्राएलचा योराम आणि यहूदाचा अहज्या यांना, इस्राएलचा सेनापती येहू मारतो. मग खरं कोण? मला वाटतं येहूचं बंड अरामाच्या दबावाखाली झालं आणि हजाएलने श्रेय स्वतःकडे घेतलं, राजे तसं करतातच. ओळख पटणं म्हणजे प्रत्येक तपशील जुळणं असं नसतं, आणि असे वाद ज्याच्याबद्दल होऊ शकतात तो माणूस खरोखर होऊन गेलेला असतो.

आणि त्याने मारलेला बेन-हदाद? इथे मात्र गाठ सुटत नाही. इ.स.पू. 853 च्या कर्करच्या लढाईची शल्मनेसरची नोंद आहे, त्यात शत्रूंच्या आघाडीत अहाब 2000 रथ आणि 10000 सैनिक घेऊन उभा आहे, आणि त्याच्याच बाजूला दिमिष्कचा राजा हदद-एझेर. 1 राजे 20 आणि 22 मधे मात्र अहाब दिमिष्कच्या राजाशी लढतो आणि 20 मधे त्या राजाचं नाव बेन-हदाद आहे. काही जण म्हणतात बेन-हदाद हे दिमिष्कच्या राजांचं गादीवरचं नाव असेल. मला दुसरं मत जास्त पटतं, की या लढायांच्या कथा मुळात नंतरच्या, येहूच्या वंशजांच्या काळातल्या आहेत, तेव्हा खरोखर हजाएलचा मुलगा बेन-हदाद गादीवर होता, सिरियातल्या जक्कूर राजाच्या लेखात तो बापाच्या नावासकट येतो, आणि नंतर कथा जुळवताना त्या अहाबाला चिकटल्या.

पलिष्ट्यांचं वेगळं आहे, तिथे लोकच सापडलेत. रामसेस तिसऱ्याच्या मेदिनेत हाबू देवळात, आठव्या वर्षाच्या, म्हणजे साधारण इ.स.पू. 1175 च्या लढाईत समुद्राकडून आलेल्यांमधे "पेलेसेत" आहेत. 2019 मधे अश्कलोनच्या सांगाड्यांचा डीएनए अभ्यास आला, त्यात सुरुवातीच्या लोहयुगातल्या बाळांमधे दक्षिण युरोपीय वंशाचा अंश दिसला आणि दोनेक शतकांत तो स्थानिक लोकांत विरघळला. आणि 1996 मधे एक्रोनला देवळाचा शिलालेख निघाला, तो बांधणारा "पादीचा मुलगा आखीश, एक्रोनचा राजा". पादी अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या लेखात आहे, आखीश त्याचा मुलगा एसर-हद्दोन याच्या यादीत इकौसू म्हणून आहे. हा आखीश दावीदाला आसरा देणारा गथचा आखीश नव्हे हां, तो तीनशे वर्षं आधीचा. पण पलिष्टी राजघराण्यांत हे नाव खरोखर चालत होतं एवढं त्यातून कळलं. मवाबाचा मेशा तर स्वतःच बोलतो, 1868 मधे दिबानला मिळालेल्या त्याच्या शिळेवर, आणि इस्राएलचा राजा ओम्री याचं नाव घेऊन सांगतो की त्याने आम्हाला किती छळलं.

आता फसलेल्या ओळखी. उत्पत्ती 14 मधल्या शिनारच्या अम्रफेलला शंभरेक वर्षांपूर्वी सर्रास हम्मुराबी म्हणायचे, आजही जुन्या टीकाग्रंथांत सापडेल. नाव नीट जुळत नाही, आणि हम्मुराबी मृत समुद्राच्या बाजूला लढायला गेल्याचा कणभर पुरावा नाही. त्याच अध्यायातल्या कदार्लागोमराचं नाव अस्सल एलामी घडणीचं आहे, पण एलामच्या राजांच्या नोंदींत असा राजा नाही. यहेज्केलातला गोग म्हणजे लिडियाचा राजा गायजेस, अश्शूरी लेखांतला गुगु, हे मला नावापुरतं शक्य वाटतं, कारण त्याच्याच सोबत येणारे मेशेख आणि तुबाल म्हणजे मुश्की आणि तबाल, आणि गोमर म्हणजे गिमिर्राई, हे सगळे अश्शूरी नोंदींत आहेत आणि सगळे आजच्या तुर्कस्तानाच्या बाजूचे. पण गायजेस यहेज्केलाच्या अर्धशतक आधीच लढाईत मेला होता, म्हणजे संदेष्ट्याने घेतलं असेल तर त्याचं गाजलेलं नाव. मेशेख म्हणजे मॉस्को वगैरे जे फिरतं त्याला काहीही आधार नाही.

मग अमालेक्यांचं काय? इजिप्तच्या, अश्शूरच्या, बाबेलच्या, मवाबच्या, कुठल्याही लेखात हे नाव मिळालेलं नाही. इजिप्शियन लोक त्या भागातल्या भटक्यांना सरसकट "शासू" म्हणायचे, अमालेकी त्यांच्यातलेच कोणी असू शकतात, त्यापुढे जाता येत नाही. माझं ठाम मत आहे की ही जागा रिकामी ठेवली पाहिजे. कारण ती भरली जाते तेव्हा काय होतं ते इतिहासात दिसतं. मध्ययुगात काही यहुदी लेखकांनी आर्मेनियन लोकांना अमालेकी म्हटलं, सतराव्या शतकाच्या शेवटी न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन प्रवचनांत तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी म्हटलं गेलं, आणि आजही जिवंत माणसांवर हा शिक्का मारणारे आहेत. 1 शमुवेल 15 मधला हुकूम बायकापोरांसकट संपवण्याचा आहे, म्हणून मला हा विषय नुसता कोडं सोडवण्यासारखा वाटत नाही.

यहुदी परंपरेने स्वतः याचा विचार फार आधी केलाय. मिश्नामधे (रब्बींच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात) एक प्रसंग आहे, यहूदा नावाचा अम्मोनी माणूस विचारतो की मला तुमच्या मंडळीत येता येईल का. रब्बान गम्लिएल नाही म्हणतात, शास्त्रात अम्मोन्यांना मनाई आहे. रब्बी यहोशुआ म्हणतात, आज अम्मोन आणि मवाब आपल्या जागी तरी आहेत का? सन्हेरीबने येऊन सगळी राष्ट्रं कालवून टाकली. आणि त्याला परवानगी मिळते. अश्शूरी राजे जिंकलेल्या लोकांना उचलून दुसरीकडे वसवायचे हे तर आम्ही त्यांच्याच लेखांत वाचतो, त्यामुळे रब्बींचा मुद्दा इतिहास म्हणूनही बरोबर आहे.

हामानाचा प्रश्न पण यातच येतो, कारण एस्तेरच्या पुस्तकात त्याला अगागी म्हटलंय. आपल्याकडच्या बेने इस्राएलांना हा हामान चांगला माहीत, पुरीमला त्याची गोष्ट वाचतात, आणि कोकणात पूर्वी पुरीमला होळीचा सण म्हणायचे. त्या गोष्टीतला राजा अहश्वेरोश म्हणजे पर्शियाचा झर्कसीस पहिला (इ.स.पू. 486 ते 465), ही ओळख पर्शियन लेखांतलं त्याचं नाव ख्शयार्शा वाचता आल्यापासून भक्कम आहे. हामान मात्र पर्शियन नोंदींत नाही. हामानाचा विरोधक मर्दखय याची वंशावळ बघा, बन्यामिनी, कीशाच्या वंशातला, आणि शौलाचा बाप कीशच. म्हणजे शौल आणि अगाग यांचं अपुरं राहिलेलं भांडण कथाकाराने मुद्दाम पुन्हा समोरासमोर आणलंय. त्यावरून अमालेक्यांचं पर्शियात राज्य होतं वगैरे निष्कर्ष काढू नका.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर अमालेक्यांपासून सुरू करू नका, हजाएलपासून करा. मराठी बायबलमधे 2 राजे 8 ते 13 हे अध्याय सलग वाचा, शेजारी शल्मनेसरच्या लेखांची आणि तेल दान शिलालेखाची भाषांतरं ठेवा, ती नेटवर सहज मिळतात. तेल दानचे तुकडे यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममधे आहेत, मेशाची शिळा लूव्ह्रमधे, सन्हेरीबच्या लाखीश वेढ्याची शिल्पं ब्रिटिश म्युझियममधे, सगळ्यांचे चांगले फोटो बघायला मिळतात. वाचताना कुठे अडलात तर अध्याय-वचन देऊन विचारा, मी उत्तर देईन.